हिरालालचं वावर

वडनेरच्या शिवारात नाल्याला लागून तीन एकर काळी जमीन आहे. ती चाळीस वर्षे कसली नलूबाईंनी, पण गावाच्या तोंडी ती कायम ‘हिरालालचं वावर’. हा हिरालाल वावर विकून मुलखाबाहेर गेला, तेव्हा नलूबाईंच्या कडेवर तान्हा नीलेश होता. आता नीलेशलाच जवळचं वाचायला चष्मा लागतो. पण वडनेरची रीतच अशी. शेताला राबणाऱ्याचं नाव मिळत नाही, सोडून गेलेल्याचं चिकटतं.

नलूबाईंना हे फार खुपायचं. विहीर खणली त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने, बांधावरचा निंब लावला त्यांनी. नवरा गेल्यावर वांग्यांची नि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, पाटी डोक्यावर घेऊन बाजारही त्यांनीच केला. तरी सकाळी बाया एकमेकींना हाका मारायच्या, “चाल वं, हिरालालच्या वावरात निंदाले!”

“चहा हिरालालच पाजते का वं तुमाले?” नलूबाई विचारायच्या. बाया खो खो हसायच्या, चहा प्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरालाल.

पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला. वावर अर्ध्या वाट्याच्या बटईने, तिथे तण निंदायला येणाऱ्या गोपिकाकडे गेलं. नीलेश वर्ध्याजवळ नालवाडीत नोकरीला. तो दर खेपेला एकच सांगे. “आई, गोपिका वावर इकत घ्याले तयार आहे. तू चाल आता आमच्याकडं.”

नलूबाई नाही म्हणत नव्हत्या, पण पेटीतला सातबाराही काढत नव्हत्या. शेवटी एकदा बोलल्या. “वावर गेलं तर वडनेरात मायं काय राह्यते रे? हिरालालचं निदान नाव तरी आहे. मायं तेबी नाई.”



त्याच आठवड्यात त्या काठी टेकत वावरात गेल्या. गोपिका वाकून काही करत होती. नलूबाई निंबाकडे निघाल्या, तोच ती ओरडली, “मावशी! पाय पाहा! कालच पालक टाकला न त्या वाफ्यात!”

नलूबाई जागीच थबकल्या. माझ्याच वावरात मलाच दटावते? रागाने त्या निंबाखाली जाऊन बसल्या. गोपिका धावत आली, त्यांच्याकडे न बघता आधी वाफ्यातला त्यांच्या पावलाचा ठसा हाताने सारखा केला, मातीवरून हळूच बोटं फिरवली. नलूबाई बघत राहिल्या. ठसा पुसायची ही रीत त्यांची स्वतःची होती. सासूलासुद्धा त्यांनी एकदा असंच दटावलं होतं.

घरी येऊन त्यांनी पेटी उघडली.

हिंगणघाटच्या कचेरीत बाबूने विचारलं, “आजी, कोणतं शेत विकून राह्यल्या?”

“हिरालालचं वावर,” नलूबाई ठसक्यात म्हणाल्या.

बाबूने पेन खाली ठेवला. “मंग हिरालालले आणा सहीले!”

नीलेशने कपाळावर हात मारला. गोपिकाने तोंडाला पदर लावला, पण हसू काही पदरात मावेना. शेवटी नलूबाईही हसल्या, आणि हसत हसतच सही केली.

नालवाडीत सून दिपालीने त्यांच्यासाठी गच्चीवर चार कुंड्या मांडल्या. नलूबाई त्यांना पाणी घालायच्या, पण वडनेरचं नाव काढायच्या नाहीत. वर्ष गेलं. मग गोपिकाने फोनवर हट्टच धरला, “भरताची वांगी निघाली मावशी, आता तर यावंच लागते.”

बस वडनेरला टेकत होती. पुढच्या बाकावर दोन बाया बोलत होत्या.

“उद्या कुठं वं निंदाले?”

“नलूबाईच्या वावरात.”

नलूबाईंनी पुढच्या बाकाचा दांडा घट्ट धरला. उतरा म्हणून कंडक्टरने त्यांना दोनदा हाक मारली.

वावरात पोचल्या तर गोपिका कमरेवर हात ठेवून उभीच. “कागद माया, घाम माया, अन् गाव म्हणते नलूबाईचं! पटते का मावशी हे तुमाले?”

“बायायले चहा कोण पाजते?”

“मीच की!”

“मंग पाज. मी चाळीस वर्ष पाजला.”

मग त्या वाफ्याच्या कडेकडेने, पाय जपत सांभारापर्यंत गेल्या. वाकल्या, आणि हात मध्येच थांबला.

“जुडीभर तोडू का वं, गोपिका?”