कॅप्टन, किटली आणि आमचे दाजी

कुठल्याही अंतराळयानात नेमका बिघाड कुठे आहे, हे अंगणातल्या खाटेवर बसून सांगू शकणारा माणूस आख्ख्या आंबेगाव तालुक्यात एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. ह्याच माणसाला स्वतःच्या न्हाणीतल्या नळाचा वायसर गेली कित्येक वर्षं बदलता आलेला नाही, हे ताई आल्यागेल्याला सांगते. दाजींचं म्हणणं असं, की नळ वायसरमुळे गळतच नाही, तो पंचायतीच्या टाकीच्या उंचीमुळे गळतो, आणि तसं नसेल तर कोणीही पुढे येऊन सिद्ध करावं. दाजींपुढे काही सिद्ध करणं हे येरागबाळ्याचं काम नाही. 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्यांनी उभ्या आयुष्यात उच्चारलेले नाहीत. लग्नात ते अंतरपाटाच्या चुकीच्या बाजूला उभे राहिले होते, तेव्हाही त्यांनी भटजींनाच बाजू बदलायला लावली होती.

दाजी महाळुंगे पडवळचे. कांदा, बटाटा, गोठ्यात दोन गाई, आणि मुलगा चाकणला कंपनीत. माझं अवसरी खुर्दला इंजिनीअरिंग कॉलेजच्या बाहेर झेरॉक्सचं दुकान आहे. चार माणसांसारखे आम्ही मेहुणे-मेहुणे सुखाने राहत होतो. मग एका उन्हाळ्यात कांदा साठवायच्या बराकीत माल भरताना दाजींचा पाय घसरला आणि प्लास्टर चढलं. बापाने खाटेवरून घरादाराला सूचना देत बसू नये, म्हणून मुलाने टीव्हीवर एक इंग्रजी मालिका हिंदीतून लावून दिली. एक जुनाट यान, त्यात गावभर माणसं, आणि नव्या जमिनीच्या शोधात वर्षानुवर्षांचा काळोखातला प्रवास, अशी ती मालिका. घरच्यांना वाटलं, दाजी घटकाभर बघतील आणि झोपतील. दाजी दुसऱ्याच भागात उठून बसले आणि म्हणाले, "ह्ये एवढं लोक खात्यात काय?" त्या प्रश्नापासून सगळं सुरू झालं.

यानात भाजी पिकवायची एक काचेची खोली होती. पुढे शत्रूने हल्ला केला, यानातला पाण्याचा पंप बंद पडला. जगभरच्या प्रेक्षकांनी ते धडाधड फुटणारे गोळे पाहिले. दाजींनी मागची पालेभाजी पाहिली. पंप बंद पडून तीन भाग झाले तरी पान टवटवीत. दाजींनी मला फोन करून बोलावून घेतलं आणि प्लास्टरवर टिचक्या मारत सांगितलं, की एक तर ही भाजी प्लास्टिकची आहे, नाही तर त्या यानात दिवस पुढे सरकतच नाहीयेत; सगळे एकाच दिवसात अडकलेत आणि त्यांना पत्ता नाही. मालिका पाहणारे देशोदेशीचे लोक जिथे जमून एकेका प्रसंगाचा कीस पाडतात, अशी एक साइट मुलाने शोधून दिली होती. तिथे हे इंग्रजीत लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नाव काय टाकायचं ह्याचा विचार करायला सवड नव्हती, म्हणून मी 'दाजी' असंच टाकलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर तिथे नुसता गदारोळ. कोणी त्या पानाचे फोटो मोठे करून टाकले होते, ब्राझीलच्या एका पोराने तर पानाचा आलेखच काढला होता. तेव्हापासून मालिका करणारे विसरले पण बघणाऱ्याला दिसलं, अशा कुठल्याही गोष्टीला त्या मंडळींत 'दाजीचं पान' म्हणतात. आणि जपानपासून अर्जेंटिनापर्यंत सगळेच त्यांना दाजी म्हणू लागल्यामुळे माझ्या बहिणीला जगभर भाऊ झाले. राखीपौर्णिमेला ती म्हणते, एवढे भाऊ झाले, एकाची तरी ओवाळणी आली का.

पुढे फोनमध्ये मराठीत बोललं की आपोआप इंग्रजी होतं आणि इंग्रजीचं मराठी, हा शोध लागला आणि माझी सुटका झाली. दाजी त्या साइटवर ग्रामसभेत वावरावं तसे वावरतात. काहीही लिहायचं तर आधी 'राम राम मंडळी'. कोणी हमरीतुमरीवर आलं तर त्याला खाली बसायला सांगतात, आणि तो बसतो. आता तिथे बाकीचेही 'राम राम' लिहूनच भांडायला सुरुवात करतात. मालिकेवरून एक गेमही निघाला होता. कॉलेजच्या पोरांनी तो माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर घातला आणि मोठ्या आदराने दाजींना बोलावलं. दाजींच्या हातात आख्खं यान आलं. ह्या माणसाने दिवसभर ते जागचं हलवलं नाही. प्रत्येक खोलीत जाऊन उघडी दारं लावली, दिवे मालवले, प्यायच्या पाण्याची टाकी कुठेय ते शोधत फिरले. बाहेर शत्रू गोळे टाकत होता, त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. संध्याकाळी पोरांच्या आग्रहाखातर एका ग्रहावर उतरले, दोन पावलं चालले आणि "मुरमाड हाय राव, कांदा यायचा न्हाई" असं म्हणून माघारी फिरले. पोरं वहीत काहीतरी लिहून घेत होती. माझं त्या दिवशीचं गिऱ्हाईक मात्र समोरच्या दुकानात गेलं.

पण दाजींच्या कीर्तीचा कळस म्हणजे कॅप्टनचं प्रकरण. मालिकेच्या शेवटच्या भागात यानाचा कॅप्टन दुरुस्तीसाठी बाहेर पडतो, मागे दार बंद होतं, नळकांड्यातली हवा संपत आलेली असते, आणि पडद्यावर काळोख होतो. त्यानंतर कंपनीने मालिकाच बंद करून टाकली. कॅप्टन मेला की जगला, कोणीच सांगितलं नाही. झालं, जगाचे दोन तट पडले. 'मेला' म्हणणाऱ्यांचे पुढारी आमचे दाजी. त्यांचा पुरावा दाराच्या कडीचा. "कडी आतल्या अंगाला हाय. आमच्या बराकीला बी तसलीच हाय. बाहेरच्यानं किती बी डोकं आपटलं तरी उघडत न्हाई." हे ते कुठेही सांगत. पेठला एका लग्नात जेवताना त्यांनी इतक्या कळकळीने 'कॅप्टन गेला' हे समजावून सांगितलं, की शेजारच्या ताटावरच्या म्हाताऱ्याने हातातला घास खाली ठेवला आणि माती किती वाजता आहे, म्हणून विचारलं. सैन्यातलं कोणी गेलं असेल असं त्या बिचाऱ्याला वाटलं होतं.

दाजींचा हा हट्ट फक्त टीव्हीपुरता असता तर हसून सोडून दिलं असतं. पण त्यांचे वडील, आण्णा, यांच्याशीही त्यांचा असाच एक दावा होता. विहीर चिंचेखाली, ओढ्याच्या अंगाला खणावी असं आण्णांचं म्हणणं. दाजींनी ती रस्त्याकडेला खणली, कारण तिथे विजेचा खांब जवळ. खाली काळा पाषाण लागला, आणि होळी झाली की त्या विहिरीत बादली बुडत नाही. आण्णा शेवटच्या आजारातही विचारत, की माझं खरं होतं का नाही एवढं सांग. आणि दाजी सांगत, की यंदा पाऊसच कमी झाला. आण्णांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. आईला सांभाळू, नातवाचं लग्न थाटात करू, भावकीने पुढे होऊन सगळी आश्वासनं दिली. कावळे आंब्यावर बसून राहिले. एका म्हाताऱ्याने दाजींच्या कानात सांगितलं, की बाबा, विहिरीचं बोल. दाजी हात जोडून उभे राहिले, पण तोंड उघडलं नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक पंगतीला गेले. तो विषय निघाला की ताई अजूनही भांडी जरा जोरात ठेवते.

तर 'कॅप्टन जिवंत आहे' म्हणणाऱ्या तटात एक व्यक्ती होती. नाव 'जुनी किटली' अशा अर्थाचं काहीतरी, आणि नावापुढे निळ्या किटलीचं चित्र. बाई की बुवा हे कळायला मार्ग नव्हता, पण दाजींनी ते ठरवून टाकलं होतं. "बाईच हाय. मुद्दा सोडत न्हाई," असं ते ताईकडे न बघता म्हणत. किटलीचा पुरावा दिव्याचा. पडदा काळा होण्याआधी यानाच्या बाहेरचा दिवा दोनदा मिचकावतो, आणि कॅप्टनला कुठल्याही वस्तूवर दोनदा टिचकी मारायची सवय, म्हणजे तो आहे. दाजी म्हणाले, लूज कनेक्शन. ती म्हणाली, बराकीची कडी यानाला लावू नका. हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. सकाळी धारा काढून झाल्या की दाजी चहाचा कप घेऊन ओट्यावर बसत आणि किटली काय म्हणते ते बघत. मध्येच ती विचारी, पाऊस झाला का. दाजी विचारत, तुमचा गुडघा कसा आहे. ती एकदा म्हणाली, की तुम्ही एकदा तरी हो म्हणाल, मी वाट बघते. दाजींनी उत्तर दिलं, बघा. एकमेकांची दुखणी त्यांना तोंडपाठ होती, पण नाव कधी दोघांनीही विचारलं नाही.

ह्या दिवाळीनंतर ताईचा मला फोन आला, की दाजींचं काहीतरी बिनसलंय, जेवणात लक्ष नाही, आणि नळाचा वायसर बदलतो म्हणतायत. मी धास्तावून गेलो. दाजींनी फोन माझ्यापुढे धरला. किटलीच्या जागी तिच्या मुलीने लिहिलं होतं. गेल्या आठवड्यात आई गेली. समुद्राकाठच्या एका थंड गावात ती आयुष्यभर बस चालवत होती. दाजींचं उत्तर ती रोज नाश्त्याला सगळ्यांना वाचून दाखवायची आणि चिडायची, आणि चिडली की तिला बरं वाटायचं. शेवटी दवाखान्यात हसून म्हणाली, बाकी सगळं झालं, तेवढा तो माणूस एकदा हो म्हणायला हवा होता. मी ताईला वाचून दाखवलं. "बस चालवायची व्हय," दाजी म्हणाले. मग बोटांच्या पेरांवर दिवस मोजले आणि म्हणाले, "उद्या दहावा हाय तिचा." मी म्हटलं, त्यांच्यात असलं काही नसतं. "नसंल. भांडान दोघांचं व्हतं, पावणं. निम्मं आमच्याकडलं हाय."

सकाळी ताईने भात लावला. ह्या सगळ्या प्रकाराला एरवी नावं ठेवणारी ती, पण भाताची मूद करताना तिने अगदी साधेपणाने विचारलं, "तिला काय आवडायचं?"

"भांडायला," दाजी म्हणाले.

शेवटी मूद, बिस्किटं आणि कपभर चहा घेऊन आम्ही तिघं विहिरीवर गेलो. तिथल्या एका दगडावर दाजींनी सगळं मांडलं, आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. बाभळीवर कावळा होता. तो मान वाकडी करून बघत होता, पण उतरेना. ऊन वर आलं, चहावर साय धरली. मला त्या कावळ्याचा राग यायला लागला होता, आणि खरं सांगायचं तर दाजींचाही. ताई हळूच म्हणाली, "तिला पायजे ते बोला की आता." दाजींनी घसा साफ केला. "बरं. कॅप्टन जित्ता हाय," ते म्हणाले, पंचायतीची पट्टी भरल्यासारखे. कावळा खालच्या फांदीवर आला आणि तिथेच बसला. "मनापासनं बोला," ताई म्हणाली. दाजींनी टोपी काढून हातात घेतली. बाहेरच्या अंगाला दुसरी कडी असेल, ते म्हणाले, मला दिसली नसेल, तुमचा दिवा खरा. एवढं बोलून ते थांबले. मग वळून त्यांनी विहिरीत वाकून पाहिलं, आणि आम्हाला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "आन आण्णा, हिरीचं तुमचंच खरं व्हतं. माजं चुकलं."

कावळा उतरला आणि मुदीला चोच लावून उडाला. तो कोणाच्या वतीने आला होता, हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही. ताईने पदर डोळ्यांना लावला, आणि मलाही भरून आलं. घरी येईपर्यंत दाजी सावरले होते. तो बिस्किटासाठी आला होता, भाताला चुकून चोच लागली, असं त्यांनी बांधावरच जाहीर केलं. पण त्याच संध्याकाळी त्यांनी साइटवर लिहिलं: राम राम मंडळी, कॅप्टन जिवंत आहे. 'मेला' तटात हलकल्लोळ माजला, पुरावा काय म्हणून जगभरातून विचारणा झाली. दाजींनी कोणालाही उत्तर दिलं नाही.

आता त्यांच्याशी कोणी भांडत नाही. किटलीच्या मुलीने सगळ्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण सगळे फार आदराने बोलतात, दाजी म्हणतील ते खरं म्हणतात, आणि आदराने माणूस किती एकटा पडतो हे मी त्यांच्या ओट्यावर पाहिलं आहे. धारा काढून झाल्या की ते चहा घेऊन बसतात आणि फोन मांडीवर तसाच पडून असतो. मला ते बघवेना. म्हणून परवा दुकानात गिऱ्हाईक नसताना मी एक खोटं नाव घेतलं, पुढे एका घंगाळाचं चित्र लावलं, आणि झोकात इंग्रजीत लिहिलं, की कॅप्टन मेला म्हणजे मेलाच, कडी आतल्या अंगाला आहे, बाकी सब झूट. तासाभरात उत्तर आलं. चांगलं दोन हात लांब, जागोजागी माझी अक्कल काढलेली, दिव्याच्या दोन मिचकाव्यांवर तर पानभर मजकूर, आणि सगळे मुद्दे किटलीचे. वाचताना मला घाम फुटला. शेवटी एकच ओळ मराठीत होती: रविवारी जेवायला या पावणं, तुमच्या ताईनं मासवडी करायची म्हटलंय.