हजेरीमामांचा शब्द

कंपनीनं हजेरीमामांना फसवलं, आणि हजेरीमामांच्या तोंडून आमच्या कारखान्यातल्या बायकांना फसवलं. हे आधीच सांगून टाकतो. कारण मामांचा विषय निघाला की लोक म्हणतात, "जाऊ द्या हो, देवमाणूस होता." देवमाणूस होता म्हणून त्याला फसवणाऱ्याला माफी कशी मिळते, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

औंढा नागनाथच्या रस्त्यावर आमचा हळदीचा कारखाना. कंपनी मोठी, बाहेरच्या देशांत माल पाठवणारी. हजेरीमामा तिथे फाटकावर टाइमकीपर होते. गाव शिरड शहापूर. सडपातळ माणूस, पांढरा सदरा, खिशाला निळं आणि लाल अशी दोन पेनं. निळ्यानं हजर, लालनं गैरहजर. रोज सकाळी फाटकाशेजारच्या खोलीच्या खिडकीत बसायचे आणि सगळ्या पाळीची हजेरी वहीत न बघता घ्यायचे. नाव घेतलं, समोरून 'हजर' आलं, की हात आपोआप बरोबर त्याच ओळीवर जायचा. डोळे मात्र माणसाच्या तोंडावर.

"हजेरी म्हंजी माणूस आला का एवढंच न्हाई," ते म्हणायचे, "कसा आला ते बघायचं असतंय."

आणि खरंच बघायचे. "काहून गं वच्छला, डोळे सुजले तुझे? पुन्हा सासूसंग वाजलं का?" वच्छलाबाई पदर तोंडाला लावून म्हणायची, "तुमाला काय सपान पडतंय का मामा?" एखादा डुलत आला तर त्याला लिंबाखाली बसवायचे. "तू हजर हायेस, पर तुझं डोकं अजून घरीच हाय. ते आलं की आत जा." माणूस हसत हसत लिंबाखाली बसायचा. त्याच्या नावापुढे लाल रेघ पडलेली असायची, तरी तो मामांवर रागवायचा नाही.

माझी आणि त्यांची पहिली गाठ भांडणातच पडली. मी तांड्यावरचा. आमच्या पणजोबांनी बैलांवर माल वाहिला, मी पाठीवर पोती वाहिली. नवीन लागलो तेव्हा एक दिवस पाव तास उशिरा पोचलो. वाटेत टायर फुटलं, पूल खचला, म्हैस आडवी आली, जे सुचलं ते सगळं सांगितलं. आवाज चढवला. सगळी पाळी गोळा झाली. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं का समदं? का म्हशीचं आजून काही राह्यलंय?"

"झालं."

"मग जा आत. अर्धा दिवस लागला."

पुढे मी कंपनीच्या खरेदीत गेलो. मोंढ्यात भल्याभल्या व्यापाऱ्यांना घाम फोडला. हळकुंड नुसतं मोडून, आवाज ऐकून भाव पाडायचो. पण मामांकडून मला आयुष्यात पाच मिनिटंही सुटली नाहीत. त्यांचा सख्खा भाचा कारखान्यात होता. त्याच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तर त्याच्या नावापुढे लाल रेघ मारूनच मामा जेवणाच्या पंगतीला गेले. म्हणून त्यांच्या वहीवर कोणाची शंका नव्हती. साहेब लोकांचीही नव्हती. हे लक्षात ठेवा.

मग बोटाच्या ठशावर हजेरी घेणारं मशीन आलं. आता हळदीच्या कारखान्यातल्या बाईचं बोट कसं असतं ते तुम्ही पाहिलं असेल. वर्षानुवर्षं हळकुंडं निवडून, त्यांची मुळं खुडून बोटाच्या रेषा घासून गेलेल्या असतात. त्यावर हळदीचा थर बसतो, तो साबणानं निघत नाही. मशीनला ते बोट दिसेचना. बायका दाबत राहायच्या, ते लाल दिवा दाखवत राहायचं. वच्छलाबाई एकदा त्याला म्हणाली, "आरं मुडद्या, पंधरा वर्सं झाली मला हितं, तू कालचा!" रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जायची. ऐन हंगामात बायका म्हणाल्या, हे मशीन काढा, नाहीतर आम्ही कामावर येत नाही.

तेव्हा मनुष्यबळ विभागाचे साहेब मामांच्या खोलीत आले. पुण्याचे, तरुण, गोड बोलणारे. मी गाडीच्या नोंदीसाठी तिथेच उभा होतो, म्हणून हे ऐकीव सांगत नाही. मामांनी त्यांना आपल्या स्टोव्हवरचा चहा दिला. चहा पिता पिता साहेब म्हणाले, "मामा, मशीन नुसतं वरच्यांना दाखवायला आहे. खरी हजेरी म्हणजे तुमची वही. तुम्ही सांगितलंत तर बायका ऐकतील. त्यांना सांगा, बोटाची काळजी करू नका."

साहेब गेल्यावर मी म्हणालो, "मामा, हे लिहून घ्या. दोन ओळी, खाली सही."

"काहून?"

"काहून म्हणजे? साहेब उद्या बदलून गेला तर?"

मामा हसले. "आरं, इतके लोक मला रोज तोंडानं हजर म्हणतेत. मी कोणाकडून लिहून घेतो का? तुला समद्यात सौदाच दिसतोय."

माझं डोकं फिरलं. मी चहा तसाच ठेवून निघून आलो. त्यांचं कुठे चुकलं ते मला तेव्हाच दिसत होतं. 'हजर' म्हणणारा माणूस समोर उभा असतो. साहेबाचा शब्द राहिला आणि साहेब उठून गेला होता. पण सगळा जन्म त्या खिडकीत काढलेल्या माणसाला हा फरक कळत नव्हता, आणि मी रागाच्या भरात तो समजावून सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी खिडकीतून बायकांना सांगितलं, "मशीनचं टेन्शन घेऊ नका. माझ्या वहीत नाव आलं म्हंजी आलं." बायकांनी मशीनचा नाद सोडला. सरळ खिडकीपुढे यायच्या, 'हजर' म्हणायच्या, आत जायच्या. माझी बायको कमल निवड विभागातच होती. तीही तसंच करायला लागली. मी मात्र ओल्या फडक्यानं बोट पुसून, तीन-तीन वेळा दाबून, हिरवा दिवा लागल्याशिवाय जागचा हललो नाही.

हंगाम संपला. निवडीचं नवं यंत्र आलं, रंग बघून हळकुंड वेगळं करणारं. त्याच आठवड्यात पुण्याला तपासणीसाठी म्हणून मामांच्या सगळ्या वह्या मागवल्या. मामांनी त्या स्वतः सुतळीनं बांधल्या, वर्षं चुकू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी लावली आणि स्वतः जीपमध्ये नेऊन ठेवल्या. पंधरा दिवसांनी फाटकावर यादी लागली. तीन पानं नावं. कारण एकच छापलेलं: सततची गैरहजेरी. मशीनमध्ये बोट नाही म्हणजे बाई कामावर आलीच नाही. कंपनीला कामगार कपात हा शब्दसुद्धा वापरावा लागला नाही.

माझं नाव यादीत नव्हतं. कमलचं होतं. घरी आल्यावर तिनं आधी माझं बोट हातात घेऊन बघितलं. मग म्हणाली, "तुमी रोज बोट पुसू पुसू दाबत व्हते. मला काहून न्हाई सांगितलं?" मला वाटलं होतं, मामांवर एवढा विश्वास असलेल्या बाईला काय सांगायचं. हे उत्तर नव्हतं, म्हणून मी ते दिलं नाही.

यादी लागली त्या सकाळी मामा खिडकीत बसले नाहीत. पहिल्यांदाच फाटकाबाहेर येऊन उभे राहिले. सुरक्षारक्षकाला म्हणाले, "कागद कागदाच्या जागी राहू दे. ज्यांचं नाव मी रोज घेतो त्यांना मीच सांगतो." प्रत्येक बाईला थांबवून, नाव घेऊन सांगितलं, "तुझं नाव यादीत हाय. मशीन सोडा म्हणून मी सांगितलं व्हतं. चुकी माझी हाय, माझ्या तोंडावर बोल." कोणी बोललं नाही असं नाही. एका बाईनं खरंच तोंडावर शिव्या दिल्या. मामा मान खाली घालून नाही, वर करून ऐकत होते. वच्छलाबाई शेवटी म्हणाली, "मामा, तुमी घरी जा. ऊन चढून राह्यलं." ते गेले नाहीत. शेवटची बाई येईपर्यंत उभे राहिले.

मग कंपनीच्या लक्षात आलं की आत राहिलेल्यांचंही कामात मन नाही. जो तो दुसऱ्याकडे संशयानं बघत होता, हसणं बंद झालं होतं, माल परत यायला लागला होता. म्हणून साहेबांनी मनोबल वाढवायला एक प्रशिक्षक आणला. त्यानं आम्हाला गोडाऊनमध्ये गोल उभं केलं. एकानं डोळे मिटून मागच्या मागे पडायचं, बाकीच्यांनी झेलायचं. विश्वासाचा खेळ, म्हणाला. पहिला मान मामांचा. साहेब टाळ्या वाजवत म्हणाले, "या मामा, तुम्ही तर आपल्या विश्वासाचा चेहरा आहात!"

मामा गोलाच्या मधे गेले. डोळे काही मिटले नाहीत. म्हणाले, "साहेब, पडायला माझी ना न्हाई. पर मला झेलणाऱ्या समद्या फाटकाच्या बाहेर हायेत. त्यास्नी आत घ्या, मग खेळू."

प्रशिक्षकानं घाईघाईनं पुढच्या खेळाचे फुगे काढले.

त्यानंतर मामांनी जे केलं ते करायला छाती लागते. स्वतः नोकरीत असताना ते बायकांच्या बाजूनं कामगार कार्यालयात साक्षीला उभे राहिले. कंपनीच्या वकिलानं सांगितलं की अशा वह्या अस्तित्वातच नाहीत. मशीन आल्यापासून हाताची हजेरी बंद होती, म्हणे. मी मागच्या बाकावर होतो. ऐकून उठलोच, तर मामांनी हातानं खाली बसवलं.

"वह्या न्हाईत तर न्हाईत," ते अधिकाऱ्याला म्हणाले. "मी सांगतो. लिहून घ्या."

आणि त्यांनी सुरुवात केली. वच्छलाबाई: नागपंचमीला माहेरी, दोन दिवस, पोरीला ताप, एक दिवस, बाकी हजर. जमनाबाई: दिराच्या तेराव्याला एक दिवस, नरसीच्या यात्रेला अर्धा दिवस, बाकी हजर. कमल: पाय मुरगळला, तीन दिवस, चौथ्या दिवशी लंगडत आली, तिला बसून करायचं काम द्या म्हणून मी सांगितलं, बाकी हजर. एकेक नाव, एकेक कारण. कोणाला झुकतं माप नाही. जिचे खाडे जास्त होते तिचे जास्तच सांगितले, ती बाई शेजारी बसून कपाळाला हात लावत होती. तासभर तरी हे चाललं असेल. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. वकील दोनदा मधे बोलायला गेला, अधिकाऱ्यानंच त्याला थांबवलं.

संपल्यावर अधिकाऱ्यांनी कागदावरची शेवटची ओळ पुरी केली. मग म्हणाले, "मामा, मला सगळं खरं वाटतं. पण आठवण ही हजेरी म्हणून धरता येत नाही. वही लागेल. किंवा वही चालेल असं ज्यांनी सांगितलं, त्यांनी इथे येऊन ते कबूल करायला पाहिजे."

साहेबांना बोलावणं गेलं. साहेब आले नाहीत. पुढच्या तारखेलाही नाही. मामांची फाटकावरून भंगाराच्या शेडमध्ये बदली झाली, तिथे नावं घ्यायला माणसंच नव्हती. थोड्याच दिवसांनी त्यांनी राजीनामा दिला. मीही दिला; आज माझा स्वतःचा हळद पॉलिश करायचा ढोल आहे, कमल तो सांभाळते, आणि काढलेल्यांपैकी चार बायका तिच्याबरोबर आहेत. बाकीच्यांना पुरेल एवढं काम माझ्याकडे नाही.

मामा शिरडला राहायचे. मी जायचो अधूनमधून. बाजाराच्या दिवशी ते घराबाहेर पडत नसत. मी एकदा चिडून म्हणालो, "बायका तुम्हाला काही म्हणत नाहीत, मग लपता कशाला?" ते म्हणाले, "म्हणत न्हाईत म्हणूनच." मग त्यांनीच विचारलं, "तू तिथंच उभा व्हतास. तूच सांग, साहेब बोलले व्हते ना? का माझ्याच कानाला तसं ऐकू आलं?"

मला वाटतं, त्यांना सगळ्यात जास्त त्याच प्रश्नानं पोखरलं. ज्याच्या तोंडी एक नावसुद्धा कधी चुकलं नाही, तो माणूस आपल्या कानावर संशय घेऊ लागला होता. मी म्हणालो, "बोलले होते मामा. मी कोणासमोरही सांगेन." सांगितलंही. पण मी कपात झालेल्या बाईचा नवरा, कंपनीशी भांडून निघालेला. माझ्या साक्षीला वकील हसला.

यंदा हळदीच्या काढणीत मामा गेले. खटला चालूच आहे.

साहेब आता कंपनीत मोठ्या पदावर आहेत. सभांमधून माणसं कशी जपावीत यावर बोलतात. त्यांना माझं एवढंच विचारणं आहे, आणि छापून विचारतो आहे, म्हणजे ऐकू आलं नाही म्हणायला नको. मामांच्या खोलीत, त्यांच्या हातचा चहा पिताना, 'खरी हजेरी म्हणजे तुमची वही' असं तुम्ही म्हणालात की नाही? खुलासा नको, कंपनीचं धोरण नको. हो की नाही, एवढंच. आणि जीपमधून नेलेल्या त्या वह्यांचं तुम्ही काय केलंत? पुढच्या तारखेला वकील पाठवू नका. स्वतः या, त्या बायकांच्या समोर उभे राहा आणि उत्तर द्या.