साहेबांच्या गाडीवरची चादर

निवड समितीच्या सरांनी माझ्या गोष्टीतल्या आईचं वाक्य नाकातून वाचलं. मुद्दाम, हेल काढून. "काहून व बेबे, कायले रडून राह्यली?" यवतमाळच्या त्या हॉलमध्ये सगळे हसले. मुलांसाठीची पुस्तकं निवडायला जमलेली शिकलेली, नीटनेटकी माणसं. शेवटच्या खुर्चीवर माझी आई बसली होती, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन. तीही हसली. पदर तोंडाशी धरून.

ते वाक्य तिचंच होतं.

गोष्ट साधी. आम्ही राजूरचे. कोळशाचे ट्रक दारावरून जातात, दोरीवरचे कपडे वाळायच्या आधी काळे होतात. गोष्टीतली बेबी एक दिवस तशी काळी झालेली ओली चादर बघून रडते, आई तिला रडण्याचं कारण विचारते, तशी बेबी ती चादर उचलते आणि खाणीच्या साहेबांच्या पांढऱ्या गाडीवर वाळत घालते. साहेब ओरडतात. बेबी म्हणते, "तुमी आमचे कपडे रोज काये करून राह्यले. आज तुमची गाडी झाली." बस. गोष्ट संपली.

ही गोष्ट लहानपणी आई मला सांगायची. मी पहिलीत गेले आणि शाळेनं तिला बोलावून घेतलं. वणीची इंग्रजी शाळा. मॅडम म्हणाल्या, मुलीची भाषा बिघडतेय, घरी तिच्याशी हे असलं बोलू नका. आईला इंग्रजी येत नव्हतं. पुस्तकातली मराठीही येत नव्हती. मग तिच्याकडे उरलं काय? जेव. झोप. अभ्यास कर. शेजारणीशी अंगणात खळखळून बोलायची आणि मी दिसले की गप्प. मला वाटायचं, मी तिला आवडत नाही. कितीतरी वर्षं तसंच वाटत राहिलं.

शाळेनं मला प्लीज दिलं, सॉरी दिलं, पुस्तकांतली गुणी मुलं दिली. ती मुलं कोणालाच काही विचारत नसत. त्यांच्या आया एप्रन बांधून केक करत. माझी आई कुठल्याच पुस्तकात नव्हती. म्हणून लिहिली मी ही गोष्ट.

सर म्हणाले, "मुलं पुस्तकातून बोलायला शिकतात, वागायला शिकतात. हे द्यायचं त्यांच्या हातात?" त्यांचं म्हणणं, आईनं शुद्ध बोलावं. आणि शेवटी बेबीनं साहेबांची माफी मागून गाडी पुसून द्यावी. एवढं केलं की पुस्तक नक्की. त्यांच्या शेजारच्या बाईंनी लाडानं विचारलं, "तू तर इंग्लिश मीडियमची ना गं? ही भाषा कुठून उचललीस?"

उचलली. जणू रस्त्यात पडली होती.

मी चारचौघांत बोलत नाही. मागे पाहिलं, तर आई मानेनं खुणावत होती, हो म्हण. तिला पुस्तकावर माझं नाव बघायचं होतं. त्यासाठी ती स्वतः पुसली जायला तयार होती. दुसऱ्यांदा.

तिथं माझं डोकं फिरलं.

"बेबी माफी कायले मागन?" मी म्हणाले. मोठ्यानं. "गाडी पुसाले सांगता तुमी. आमची चादर कोन धुवून देईन?"

या वेळी कोणी हसलं नाही. सर म्हणाले, भावनेच्या भरात बोलू नका. मी त्यांच्यासमोरचे माझे कागद उचलले आणि निघाले.

एसटीत आईनं डब्याची पिशवी मांडीवर नीट ठेवली. मग म्हणाली, "बदलवून देल्लं असतं तं काय झालं असतं व माय? पुस्तक तं निंगलं असतं."

मी नाही म्हटलं. अजूनही नाहीच म्हणते.

बेबीनं कसं वागावं, हे सांगणारी पुस्तकं ढिगानं आहेत. साहेबांनी कसं वागावं, हे सांगणारं एकही माझ्या हाती आलं नाही. शुद्ध भाषेतसुद्धा नाही.

छापायचं तर त्यांनी छापावं, नाही तर नको. राजूरच्या पोरांना मी ही गोष्ट वाचून दाखवणार आहे, आईला पुढ्यात बसवून. तिच्या तोंडचा एक शब्द बदलणार नाही. बेबी माफी मागणार नाही. गाडी काळीच राहील.