गावाला गेलेला बेंजो

परवा मोबाइलवर रॉक अँड रोलच्या सुरुवातीच्या काळातल्या बँडांचे जुने फोटो बघत होतो. ड्रमवर बँडचं नाव तेच, पण दर फोटोत चेहरे वेगळे. खाली कुणीतरी कौतुकाने लिहिलं होतं, कोण कधी आला आणि कोण कधी गेला. माझं डोकं फिरलं. गेला म्हणे. कोण स्वतःहून जातो? त्याला घालवलेला असतो.

मी तळोद्याचा. वेल्डिंगचं दुकान, आणि लग्नसराईत बेंजो वाजवायचा. आमचा बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या पट्ट्या असलेली, तारांची पेटी. माझी पेटी मी स्वतः बनवली होती, पट्ट्या कानशीने घासून. चौथी पट्टी जरा तिरकी बसली आणि दाबली की झणझण करायची. अब्बा म्हणायचे, काढ ती आणि दुसरी घाल. मी म्हणायचो, राहू द्या, माझी खूण आहे.

बँड चौघांचा. मी, कॅसिओवाला, पॅडवाला आणि गायक. कॅसिओवाला तापीकाठच्या शेतकरी घरातला, वयाने माझ्याहून लहान, पण ज्या पिकअपवर बसून आम्ही वाजवायचो ती त्याच्या घरची, म्हणून मालकही तोच. आमच्या धंद्यात माणसाला नावाने कुणी हाक मारत नाही. ए पॅड, ए बेंजो, असंच. पॅड बदलला तरी नवाही पॅडच. लग्नात नाचायला वाजवायच्या आमच्या या गाण्यांना आता रोडाली म्हणतात आणि दिवसभर यूट्यूबवर वाजवतात. तेव्हा आम्ही नुसते वाजवायचो.

आणि आमच्या धंद्यात कुणालाही काढत नाहीत. कुणाला तोंडावर सांगायची हिंमतच नाही. फक्त फोन येत नाही. मग हळदीला कुणी विचारलं, तो जुना कुठाय, तर माइकवर सांगायचं, तो गावाला गेलाय. एवढंच. विचारणाराही गप्प बसतो, कारण गावाला कोण जात नाही?

आमचा पहिला गायक असाच गावाला गेला. थंडीत त्याचा आवाज बसला तो परत चढलाच नाही. वरच्या पट्टीत खरखर. कॅसिओवाला म्हणाला, भाई, तुम्हीच बघा कुणी. मी बघितला. नव्या गायकाला फोन मी लावला, जुन्याला लावला नाही. चिंचपाड्याच्या बाजूला एका लग्नात एका म्हातारीने जुन्याबद्दल विचारलं, तेव्हा माइक माझ्या हातात होता. मी म्हणालो, गावाला गेलाय. तो बसस्टँडजवळ राहतो, माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे. पुढे त्याने मला रस्त्यात बघून मान फिरवली, तर मलाच त्याचा राग आला. आवाज त्याचा बसला, मी काय करू?

मागच्या पावसाळ्यात कॅसिओवाला दुपारी दुकानावर आला. नवा मोठा कीबोर्ड घेतलाय म्हणाला, साऊंड चेक करू. पेटीसमोर माइक ठेवून मला एकेक पट्टी वेगवेगळी वाजवायला लावली, आधी हळू, मग जोरात. प्रत्येक सूर पूर्ण विरेपर्यंत थांबायचं. मी मन लावून वाजवलं. शटर ओढून घेतलं, पंखा बंद केला, घामाने निथळलो. चौथ्या पट्टीला म्हटलं, थांब, ही झणझणते, घासून देतो. तो म्हणाला, नको भाई, आहे तसंच राहू द्या. मी खूश झालो. वेडा कुठला.

त्यानंतर लग्नसराई लागली आणि फोन आला नाही. मी पहिले दोन आठवडे मोबाइल चार्जिंगलासुद्धा दुसऱ्या खोलीत लावला नाही. बायको म्हणाली, तुम्हीच करा एक. मी तिच्यावर खेकसलो. मी कशाला करू? मी गावाला गेलोय का?

मग आमच्याच गल्लीच्या तोंडाशी हळद लागली. दिवस मावळायचा होता. पिकअप आली आणि कीबोर्ड सुरू झाला. मी दुकानात दरवाजाची चौकट जोडत होतो. अचानक बेंजो ऐकू आला. मनात आलं, कुणी हरामखोर माझ्या जागी बसवला, बघतोच त्याला. उठून गेलो, तर गाडीवर बेंजो नव्हताच. कॅसिओवाला कीबोर्डवर बोटं फिरवत होता आणि बेंजो वाजत होता. चौथ्या सुराला झणझण झाली.

ती माझी पट्टी होती. माझ्या कानशीची चूक, माझ्या दुकानातली ती दुपार, सगळी त्याने रेकॉर्ड करून एका बटणात भरलेली. पोरी त्यावर नाचत होत्या. नवरदेवाच्या मामाने वर बघून विचारलं, बेंजोवाले भाई कुठायत. आणि गाडीवरून माइकवर उत्तर आलं, ते गावाला गेलेत.

मी गाडीपासून दहा हातांवर उभा होतो, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर घेऊन.

गाडीला धरून वर चढलो आणि कीबोर्डवर हात आपटला. तो बिचकला, पण हसत राहिला. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "भाई, चिडता कशाला? आवाज तर तुमचाच लावलाय."

मला त्याच्या थोबाडीत मारायची होती. हात उचललाही. पण नाचणारे थांबून माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत मी हळद बिघडवणारा कुणी दारुडा होतो. खाली उतरलो. मागे त्याने परत सुरू केलं, माझ्याच सुरावर.

गर्दीच्या कडेला आमचा पहिला गायक हाताची घडी घालून उभा होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे सरळ बघितलं.

"कव्हय उना रे गावथीन?" त्याने विचारलं. गावाहून कधी आलास.

तो हसत होता, आणि ते हसू त्याने वर्षानुवर्षं सांभाळून ठेवलं होतं. मला त्याच्याही थोबाडीत मारावीशी वाटली. पण बोलायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना.