दहाव्यातली दोन मिनिटं

आमच्या शेजारचे निवृत्त कारकून नेत्रदानाबद्दल बोलायला नाशिकच्या आसपास कुठल्याही दहाव्याला जायचे. ‘दोनच मिनिटं घेतो,’ म्हणत थकल्या आवाजात सुरुवात करायचे. लोक कावळ्याकडे बघत राहायचे. पुष्कळदा मीच त्यांना स्कूटरवरून न्यायचो.

बायको गेल्यावर महिन्याभरातच ते निफाडजवळच्या एका गावात बोलायला उभे राहिले. मागून कोणीतरी विचारलं, ‘काका, काकूंचे डोळे दिले का मंग?’

‘नाही,’ काका म्हणाले. ‘मी विचारलं होतं, ती नको म्हणाली. तुम्हीही घरी विचारून ठेवा, एवढंच सांगायला आलोय.’

दोघं-तिघं हसले. काकांनी हात जोडले आणि खाली बसले.

 परतताना ते स्कूटरवर पाठीमागून म्हणाले, ‘डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळी होईन, अशी भीती होती तिला. गावोगावची ही भीती काढत फिरलो हो, घरातली राहूनच गेली. ती गेल्यावर माझ्या एका सहीवर देता आले असते. पण तिला नको होतं ना.’



घरापाशी उतरल्यावर त्यांनी विचारलं, ‘परवा दिंडोरीला एक दहावा आहे. सोडाल का मला?’