समितीसमोरचं निरंक

विधिमंडळाची समिती हिंगोलीला येणार म्हटलं की सगळ्यात आधी साहेब लोक आजारी पडतात. आमच्या साहेबांना बरोबर दोन दिवस आधी आपला मणका आठवला आणि ते नांदेडला दवाखान्यात जाऊन झोपले. जाताना मला म्हणाले, "आधारचं सगळं तुला तोंडपाठ आहे. घाबरू नको." मी तेव्हा जिल्ह्यातली आधार नोंदणी बघणारा नायब तहसीलदार होतो. मला तोंडपाठ एकच गोष्ट होती, ती म्हणजे साहेबांचा स्वभाव.

त्याआधी महिनाभरात तयारीच्या चार बैठका झाल्या होत्या, त्यातल्या तीन जेवणावर. कोणत्या आमदाराला वांगं चालत नाही, कोणाला भाकरी लागते, कोण गुरुवारी उपास धरतो याची एक स्वतंत्र फाईल होती, आणि ती आधारच्या फाईलपेक्षा जाड होती. चौथ्या बैठकीत 'संभाव्य प्रश्न' काढले. आमदार काय विचारतील हे आपणच ठरवायचं, उत्तरंही आपणच लिहायची आणि मग त्यांनी तेवढंच विचारावं म्हणून औंढ्याच्या नागनाथाला हात जोडायचे, अशी ती पद्धत.

त्यात एक प्रश्न होता : बोटांचे ठसे न उमटल्यामुळे आधारविना राहिलेल्या व्यक्तींची संख्या किती? मी पाचही तालुक्यांना पत्रं पाठवली. दोघांनी 'निरंक' कळवलं, तिघांनी काहीच कळवलं नाही. दोन स्मरणपत्रं जाऊनही उत्तर आलं नाही की तिथं आपणच निरंक लिहायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. शून्य लिहिलं तर कोणीतरी मोजलं असेल असं वाटतं. निरंक लिहिलं की मोजायचीही गरज राहत नाही. पाच तालुके, पाच निरंक, खाली माझी सही.

खरं काय ते मला माहीत होतं. अंगठा उमटला नाही की केंद्रावरचा ऑपरेटर "पुढच्या आठवड्यात या" म्हणायचा आणि कुठंच काही लिहायचा नाही. अशा माणसांची खास बाब म्हणून नोंदणी करायचा नियम होता. पण त्याला कागद जास्त लागत, आणि अशा नोंदी वाढल्या की मशीन बंद करतील या भीतीनं ऑपरेटर त्या वाटेला जात नसे. मीही त्याला कधी विचारलं नाही.

आणि असं एक माणूस तर माझ्या रोजच्या बघण्यातलं होतं. विश्रामगृहात स्वयंपाक करणारी मावशी. मूळची शिरड शहापूरची. उभा जन्म हळदीचे गड्डे मोडण्यात गेलेला, त्यामुळे बोटं गुळगुळीत. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे मशीन डोळेही घेईना. रेशन लेकीच्या कार्डावर आणि मजुरी रोख, म्हणून आजवर तिचं अडलं नव्हतं. आता विश्रामगृहाच्या जेवणाचा नवा ठेकेदार आला होता. त्यानं सांगून टाकलं होतं की आधार नसेल तर एक तारखेपासून काम नाही. आठ महिन्यांत तीनदा केंद्रावरून परत आलेली ती बाई समितीच्या आठवडाभर आधी माझ्याकडे आली. "साहेब, तेवढं माझ्या अंगठ्याचं बघा ना."

"मावशी, समिती जाऊ द्या, मग बघू," मी म्हणालो. ती "बरं" म्हणून गेली. मी फाईलला रंगीत चिठ्ठ्या लावत बसलो.

समिती आली. जेवणं झाली, ढेकरा झाल्या आणि लोकशाहीला सुरुवात झाली. मी उभा, समोर आमदार, मागच्या खुर्च्यांवर आमचे कारकून. प्रश्न आला की मागून चिठ्ठी यायची, मी ती वाचून दाखवायचो. एकदा घाईत नोंदणीच्या आकड्याऐवजी चहाच्या कपांचा आकडा वाचला, तरी अध्यक्षांनी मान डोलावली. त्यामुळे माझी भीड चेपली.

मग तो प्रश्न आला. मी छाती काढून म्हणालो, "निरंक, अध्यक्ष महोदय."

एक महिला सदस्य आतापर्यंत मोबाईल बघत होत्या. त्यांनी चष्मा वर केला. "निरंक? अख्ख्या जिल्ह्यात एकही नाही? माझ्याकडे तर गल्लीगल्लीत सापडतात. तुम्ही समितीची दिशाभूल करताय का?"

मागून चिठ्ठी आली नाही. मी वळून बघितलं तर तिन्ही कारकून एकाच फाईलमध्ये डोकं खुपसून बसलेले. तेवढ्यात मावशी चहाचा ट्रे घेऊन आत आली. बाईंनी तिला थांबवलं. "मावशी, तुमचे हात बघू. तुमचं आधार निघालंय का?"

तिनं "नाही" म्हटलं असतं तर अध्यक्षांनी तिथंच हुकूम सोडला असता आणि संध्याकाळच्या आत तिची नोंदणी झाली असती. माझं मात्र निलंबन ठरलेलं होतं. खरं मलाच सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. तिच्याकडे बघत राहिलो आणि नजरेनंच तिच्या पाया पडलो. त्या नजरेची मला अजून लाज वाटते.

"हाय की," मावशी म्हणाली. "ह्या साहेबांनीच काढून देलं."

आमदारांनी सवयीनं टेबल वाजवलं. बाईंनी चहा उचलला. कार्यवृत्तात लिहिलं गेलं की समितीनं जिल्ह्याच्या कामाबद्दल समाधान व्यक्त केलं. साहेबांचा दवाखान्यातून फोन आला, "शाब्बास!"

गाड्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. "मावशी, काहून असं बोलल्या?"

ती पातेलं घासत होती. "तुमी नुसते घामानं भिजून राहिले होते. आन तुमीच म्हणले ना, समिती गेल्यावर बघू? तुमची नोकरीच गेली तर मग माझं बघनार कोन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला गाडीवर मागं बसवून मी स्वतः केंद्रावर नेलं. मी शेजारी खुर्ची टाकून बसल्यावर ऑपरेटरला सगळे नियम आठवले. खास बाब म्हणून वीस मिनिटांत नोंदणी झाली. आठ महिन्यांत ही वीस मिनिटं कोणाकडेच नव्हती, माझ्याकडेही.

पण कार्ड यायला वेळ लागतो आणि एक तारीख थांबत नाही. मी ठेकेदाराला पावती दाखवली. तो म्हणाला, "पावती नको, नंबर पायजे." पुन्हा गेलो तोवर त्यानं दुसरी बाई ठेवली होती.

महिन्याभरानं मावशी ऑफिसात आली. पदरात गुंडाळलेलं कार्ड तिनं माझ्या टेबलावर ठेवलं. फोटो चांगला आला होता. मी घाईघाईनं म्हणालो, "चला मावशी, आत्ताच ठेकेदाराकडे जाऊ. त्या बाईला काढायला लावतो."

"नगं साहेब. तिला दोन लेकरं हायत, तिच्या पोटावर कशाला पाय द्यायचा?" ती म्हणाली. कार्ड उचलून तिनं डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं, मग पुन्हा माझ्यासमोर ठेवलं. टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"पन साहेब, आता हे दावू कोनाला?"