मी अक्षरांचे पैसे घेत नाही

आमच्या लोखंडी कपाटात आज सतरा शाली आहेत. आल्या होत्या चाळीसच्या वर. बाकीच्या बायकोने कुणाच्या साक्षगंधात, कुणाच्या बारशात पुढे सरकवल्या. या सगळ्या शाली मला लिहिण्याबद्दल मिळालेल्या आहेत.

मी सडक अर्जुनी तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. कोणी निवृत्त होणार असलं, कुणाची एकसष्टी असली, की आयोजक दारात हजर. "सर, एक मानपत्र लिहून द्या ना." मी आढेवेढे घ्यायचो, तेही वरवरचे. दोन दिवसांत मजकूर तयार. कार्यक्रमात कोणीतरी तो खड्या आवाजात वाचून दाखवायचं आणि शेवटी माझं नाव पुकारलं जायचं. शाल आणि नारळ. नारळाची चटणी व्हायची. पगार चालू होता, त्यामुळे लिहिण्याचे पैसे मागावेत असं कधी मनातही आलं नाही. उलट मागत नाही याचाच मला केवढा तोरा होता!

आता जिच्याबद्दल सांगायचं आहे ती माझी विद्यार्थिनी. ती नववीत असताना मी आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या यात्रेवर निबंध लिहायला दिला होता. बाकीच्यांनी गड, मंदिर, दर्गा, गर्दी असं सगळं रीतसर लिहिलं. हिने फक्त आपल्या आईबद्दल लिहिलं होतं. आई यात्रेत पायरीशी फुटाण्यांची टोपली घेऊन बसायची. दिवस कलला की गिऱ्हाईक भाव पाडून मागायचं, पण आई द्यायची नाही. उरलेले फुटाणे डोक्यावर घेऊन परत आणायची. मुलीने विचारलं तर आई म्हणाली, मी भाव पाडला तर शेजारच्या बाईलाही पाडावा लागेल, आणि तिच्या घरी तीन लेकरं आहेत. मी तो निबंध वर्गात वाचून दाखवला, दहापैकी दहा गुण दिले आणि खाली लाल शाईने लिहिलं, 'लिहीत जा'. निबंध मला आवडला होता. कळला नव्हता, हे आता म्हणतो.

ती खरोखरच लिहीत गेली. मराठीत एम. ए. केलं आणि कोहमाऱ्याच्या चौकात एका फ्लेक्सवाल्याच्या दुकानात कोपऱ्यातलं टेबल भाड्याने घेतलं. मागच्या भिंतीवर दरपत्रक चिकटवलं. मानपत्र पाचशे, लग्नपत्रिकेचा मजकूर दोनशे, स्मरणिकेचं काम बोलून ठरवू. तालुक्यात त्याची भरपूर टिंगल झाली. शिक्षकांच्या खोलीत मीही म्हणालो होतो, "आता शब्द काय किलोने विकणार का ही?" सगळे हसले. त्या हसण्याने मला बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

मग एका पतसंस्थेचा रौप्यमहोत्सव आला. स्मरणिकेचं काम त्यांनी तिला तोंडी सांगितलं. महिनाभर ती गावोगाव फिरली, जुन्या सभासदांना भेटली. एक संस्थापक म्हातारे लेकीकडे दरेकसाला राहायला गेले होते, तिथवरही ती रेल्वेने जाऊन आली. काम होत आल्यावर तिने बारा हजार सांगितले. त्यानंतर चार दिवसांनी पतसंस्थेचे अध्यक्ष माझ्या घरी आले, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत तिच्या वह्या होत्या, नुसत्या वाचून परत देतो म्हणून मागून आणलेल्या.

"पोरगी बारा हजार मांगून राहिली सर," ते म्हणाले. "कायचे? त लिवाचे! कागदाचे समजते, छपाईचे समजते. लिवाचे कायले लागते पैसे?"

मी वही उघडली. अक्षर ओळखीचं होतं. हेच अक्षर मी तीन वर्षं तपासलं होतं. तेव्हा पिशवी त्यांच्या हातात परत देऊन 'हे तिचं काम आहे' एवढं म्हणायला काय लागत होतं? पण मी म्हणालो, "ठेवून जा." खरं कारण सांगतो. पतसंस्था आधी माझ्याकडे न येता तिच्याकडे गेली, याचा मला राग होता. इतक्या वर्षांत स्मरणिका म्हटलं की माझंच दार वाजायचं. माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोरीवर मी जळत होतो.

वह्या इतक्या नेटक्या होत्या की मला फार काही करावंच लागलं नाही. चार परिच्छेद इकडचे तिकडे केले, प्रस्तावना लिहिली. आठ दिवसांत स्मरणिका छापायला गेली. गोंदियाच्या प्रेसवाल्याने "सर, आधा एडवांस लगेगा" म्हटलं, तेव्हा अध्यक्षांनी खिशातून मुकाट काढून दिले. पहिल्या पानावर संपादक म्हणून माझं नाव होतं. तिचं नाव कुठेच नव्हतं.

कार्यक्रमात मला शाल घातली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. मी हुरळून गेलो. "मी अक्षरांचे पैसे घेत नाही," मी माईकवर म्हणालो, "आजकाल काही लोक घेतात." टाळ्या पडल्या. तेव्हा ती मला दिसली. तिच्या आईचं पतसंस्थेत खातं होतं, त्यामुळे दोघी निमंत्रणावरून आल्या होत्या. आई टाळ्या वाजवत होती, कारण मी तिच्या मुलीचा सर होतो. मुलगी मांडीवर स्मरणिका उघडून वाचत होती.

त्यानंतर जो तो तिला म्हणू लागला, सर तर फुकट देतात लिहून. सहा महिन्यांत तिचं टेबल उठलं. मला हे फ्लेक्सवाल्याकडून कळलं. पुढच्याच रविवारी पाकिटात बारा हजार घालून मी तिच्या घरी गेलो. आईने खुर्ची पुसून दिली. आता सगळं फिटेल, अशी माझी कल्पना.

तिने पाकीट उघडलंच नाही. "हे तुमचे पैसे होत सर," ती म्हणाली. "मले त्याईच्याकडून पायजे होते."

"पैसा तर पैसाच आहे ना," मी म्हणालो. काय बोललो ते बोलता बोलताच कळलं, पण शब्द गेला होता.

"तुमाले पगार होता सर. मले हेच होतं." आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "फुटान्याच्या निबंधाले तुमीच त दहापैकी दहा देले होते."

आई आत चहा करत होती. माझी मान वर होईना. काय करू, असं मी तिलाच विचारलं, जणू ती सर आणि मी विद्यार्थी.

"पुढं कोनी आला लिवून मांगाले, त त्याले दर सांगा," ती म्हणाली. "कितीबी सांगा. तुमी सांगतलं त दुसऱ्याच्या मांगन्याले कोनी हासनार नाही."

"सांगतो," मी म्हणालो आणि पाकीट खिशात घालून चहा पिऊन आलो.

आता ती गोंदियाला एका दुकानात बिलं करते. मी निवृत्त झालो, पेन्शन वेळेवर येते. माझ्या निवृत्तीला कुणीतरी लिहिलेलं मानपत्र भिंतीवर आहे. लिहिणाऱ्याला काय दिलं, ते मी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात तेच अध्यक्ष पुन्हा आले. मानपत्र हवं होतं. मी मनात कितीदा तरी घोकून ठेवलं होतं. तिच्याच दरपत्रकातला आकडा धरला होता. ते चहा घेत असताना मी खाकरलो आणि म्हणालो, "पाचशे रुपये होतील."

त्यांनी कप खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटले. "काय सर, तुमीबी! घरचे आदमी तुमी, मजाक करता!"

मीही हसलो, आणि मानपत्र कुणाचं आहे ते विचारलं.